डोक्यावर नसलेली पाटी

आमच्या शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा डावीकडे, माझ्या पायाखाली. म्हैस आडवी आली की शिकणाऱ्या बाईला वाटतं, गाडी आपणच थांबवली. मी "छान," एवढंच म्हणते आणि पाय हळूच उचलून घेते. नवशिक्याचा धीर लोणच्याच्या बरणीसारखा जपावा लागतो. ओला हात लागला की गेलं सगळं.

पनवेलमध्ये बायकांना गाडी शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. रिबेकाबाईंची, म्हणजे माझी, गाडी दिसली की रिक्षावाले आपणहून बाजूला व्हायचे, आदराने नव्हे, जिवाच्या भीतीने. आता गुडघे कुरकुरतात म्हणून घरी बसले आहे. एका मासिकाचे संपादक म्हणाले, रस्त्यावरच्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ झाल्या. पण हल्ली दुपारी डोळा लागतो तेव्हा मला रस्ते दिसतच नाहीत. नुसते हात दिसतात. स्टिअरिंगवर ठेवलेले, बांगड्यांचे, मेंदीचे, पीठ लागलेले, नखं खाल्लेले. चेहरे कधीच पुसले गेले, हात तेवढे राहिले. एखादा हात मधेच चाकावरून उठतो आणि कुठेतरी निघून जातो, आणि मी दचकून जागी होते. उजवा पाय चादरीखाली जोरात दाबलेला असतो.

गाडी येणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. पहिले काही दिवस बाई जप करत असते: क्लच, गिअर, क्लच, आरसा. घामाघूम होते. आणि मग एके दिवशी ती सुनेची चुगली सांगता सांगता तिसरा गिअर टाकते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. त्या दिवशी तिला गाडी आली असं मी धरते. वरचं मन सुनेत गुंतलं आणि खाली कुणीतरी दुसरंच बसून गाडी हाकू लागलं. अडचण इतकीच, की हे खालचं कुणीतरी आपलं गाठोडं बरोबर घेऊन येतं. त्यात काय बांधलंय ते त्या बाईलाही ठाऊक नसतं.

पुरुष मी क्वचितच शिकवले. त्यातले एक पतपेढीतले कॅशियर होते. इतके मवाळ, की खुर्ची सरकवली तरी खुर्चीची माफी मागतील. थोरल्या दोन भावांच्या घरात धाकटे म्हणून वाढलेले. हा गृहस्थ गाडीत बसला की हॉर्नवरचा हात काढेना. पुढे कुत्रं नाही, मांजर नाही, आणि यांचा भोंगा चालूच. "अहो, का वाजवताय?" म्हटलं तर मागे वळून बघायचे. "मी? मागचा कुणीतरी वाजवतोय हो." शेवटी मी हॉर्नची वायरच काढून टाकली. दोनेक दिवस बिचारे मुक्या हॉर्नवर तळहात चेपत राहिले. मग एका सकाळी उरण नाक्यावर रिक्षावाला मधे घुसला, तर यांनी काच खाली करून त्याला असं काही सुनावलं की मीच अवघडले. नंतर रुमालाने तोंड पुसत मला म्हणाले, "बाई, हे माझ्याकडे होतं?" चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद! घरी जाऊन भावांना काय म्हणाले ते मात्र मला कळलं नाही.

माझी शिकवायची एक खास रीत होती. इतर शिकवणीवाले तिला हसायचे, हसोत बापडे. पहिला धडा मी बंद गाडीत घ्यायचे. किल्ली माझ्या पर्समध्ये. बाईने चाकावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि ओळखीच्या रस्त्याने मनातल्या मनात घरी जायचं. वळण आलं की सांगायचं, हात वळवायचे, पाय दाबायचे. त्यातून मला कळायचं की हिचा पाय कुठे घाबरतो. खारघरच्या टॉवरमधली एक नवी नवरी होती. तिला म्हटलं, "जा घरी." ती डोळे मिटून निघाली ती थेट साताऱ्याला, माहेरच्या गल्लीत. दुधाच्या दुकानापाशी तिने गाडी थांबवली आणि मिटल्या डोळ्यांनीच हसली. मी तिला उठवलं नाही. बंद गाडीत एक वेगळीच शांतता असते. काचेबाहेर माणसं चाललेली असतात, आणि आत दोन बायका कुठल्या कुठे पोचलेल्या असतात.

आता सुगंधाकडे येते, कारण खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले आहे.

सुगंधा गव्हाणच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावची कोळीण. चाळिशीची, काटक, आवाज खणखणीत. नवरा जनार्दन मासळीचा टेम्पो चालवायचा. तो बंदरावरून माल आणायचा आणि ही त्यातली पाटी डोक्यावर घेऊन पनवेलच्या गल्ल्यांतून दारोदार विकायची. त्याला साखरेचा आजार होता. वर्षापूर्वी त्याची नजर गेली. अंधुक उजेड तेवढा कळायचा. टेम्पो दारात उभा राहिला आणि हिची पाटीही बंद पडली. ती दुसऱ्यांच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जाऊ लागली. जासईचा चुलत दीर टेम्पो विकत मागत होता. नारळी पुनवेला होड्या पुन्हा समुद्रात जातात. तोवर सुगंधाला लायसन्स मिळालं तर ती टेम्पो चालवणार, नाही तर गाडी दिराला द्यायची, असं घरात ठरलं होतं.

"बाय, मना शिकवा," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "त्यांनी ती गारी पोरावानी सांभाळलीय. ती दुसऱ्याच्या दारात उभी राहिली तर ते जेवायचं नाय."

बाई हुशार निघाली. बंद गाडीचा धडा तिला मी दिलाच नाही, इतक्या पटकन तिने गिअर उचलले. कंटेनरचे ट्रेलर बाजूने गुरगुरत गेले तरी पापणी लवत नसे. एकच खोड. रस्त्यात उंचवटा आला, खड्डा आला, गाडीला जरा गचका बसला, की तिचा डावा हात चाक सोडून डोक्यावर जायचा. क्षणभरच. पण गचका बसतो तेव्हाच चाक घट्ट धरायचं असतं. गाडी वाकडी जायची आणि माझा पाय ब्रेकवर पडायचा.

मला वाटलं, ही वेणी सावरते. अबोलीचा गजरा माळून यायची ना.

"सुगंधा, गजरा घरी नीट कर. इथे चाक धर."

"धरलाय की."

"आत्ता सोडलास."

"मी नाय सोरला, बाय. देवाशपत नाय सोरला."

दुसऱ्या दिवशी गजरा न माळता आली. हात गेलाच. मी पुन्हा बोलले, ती पुन्हा नाही म्हणाली. मला वाटलं, बाई चक्क खोटं बोलते. आमची रोज जुंपू लागली. तशातच तिची लायसन्सची पहिली परीक्षा झाली आणि आरटीओच्या मैदानातल्या गतिरोधकावर परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या देखत तिचा हात डोक्यावर गेला. नापास. परतताना माझी जीभ सुटली. म्हटलं, "एवढ्या मोठ्या बाईला स्वतःचा हात कुठे जातो ते कळत नाही?"

तिने गाडी कडेला घेतली. इंडिकेटर देऊन, अगदी शिकवल्याबरहुकूम. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि तुमी? तुमी रोज गारीत बसताना दाराला हात लावून त्या हाताचा मुका घेता, तो? मी कधी काय बोलली?"

"मी? कधी?"

"रोज. मना वाटला, गारीची पूजा करता."

मी हसायला गेले आणि हसू आलंच नाही. सांगायला हवं, आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. आमच्या घराच्या दाराला उजव्या चौकटीवर एक छोटी डबी ठोकलेली असते, मेझुझा. आत देववचन लिहिलेलं चर्मपत्र. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना टेकवायची. लहानपणापासून हात जातो तो जातोच. पण गाडीला कुठली आली चौकट? आणि माझी मुलगी इस्रायलला गेल्यापासून, तिचे बाबा वारल्यापासून, मी देवधर्माच्या बाबतीत जरा तिरसटच झाले होते. निदान माझी तशी समजूत होती. खाली उतरले, गाडीचं दार उघडलं, बसले. हात दाराच्या कडेला लागून ओठांपर्यंत आला होता. सुगंधा बघत होती.

"गेला," ती म्हणाली.

"गेला," मी म्हटलं. मग आम्ही दोघीही खूप वेळ हसलो. इतकी वर्षं दुसऱ्यांचे हात बघत होते, आणि माझा हात माझ्या नाकासमोरून रोज परमेश्वराला भेटून येत होता! त्या दिवसानंतर मी सुगंधाला खोटारडी म्हटलं नाही.

तिथेच, कडेला उभ्या गाडीत, मी किल्ली काढून घेतली आणि तिला राहिलेला धडा दिला. "डोळे मीट. चाकावर हात ठेव. आता घरी जा."

ती निघाली. पण गाडीच्या रस्त्याने नाही. "हा बांध," ती म्हणाली. "दोन्ही अंगाला पानी हाय. भरती हाय. पुढं सासू चाललीय, तिच्या मागनं मी." तिचा आवाज उतरला होता. स्वप्नात बोलतात तसा. तो बांध मला माहीत होता. त्यावर कधीच भराव पडला, वर रस्ते आले, आणि त्या रस्त्यावरून मी शेकडो बायकांना चौथा गिअर टाकायला शिकवलं होतं. आणि ही त्याच्याखालून चालली होती, पाण्याच्या मधून, अनवाणी. बगळे सांगत होती, तिवरं सांगत होती. मलाही खाऱ्या चिखलाचा वास आला, खोटं कशाला सांगू! "आता उघाडी आली," ती म्हणाली. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवायची बांधातली झडप. "हितं फळी हाय. उडी मारायची हाय."

आणि तिचा डावा हात चाक सोडून डोक्यावर गेला. बोटं पसरलेली, तळवा जरा आत वाकलेला. जिथे थांबला तिथे केस नव्हते, गजरा नव्हता. हात डोक्याच्या वर, हवेत थांबला होता.

"सुगंधा," मी हळूच म्हटलं, "हात तसाच ठेव आणि डोळे उघड."

तिने उघडले. वर बघितलं. "अगं बाय," ती म्हणाली. "पाटी."

लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या डोक्यावर मासळीची पाटी होती. गचका बसला की हात वर गेलाच पाहिजे, नाही तर सगळा माल मातीत. वर्षभर पाटी डोक्यावर नव्हती, पण हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. मला हा उलगडा पुरेसा होता. सुगंधाला नव्हता. ती चाकावर कपाळ टेकवून बसली, आणि मग जे बोलली ते मी विचारलेलं नव्हतं.

"एकदा पडली पाटी. एकदाच. पनवेलला बावनबंगल्याच्या तिथं चाललेली, फोन वाजला. कमरेला फोन, म्हनून हात काढला पाटीचा. ते बोलले, सुगंधा, मना काय दिसत नाय. गारी कडेला लावलीय, पन काय दिसत नाय. तवा पाटी पडली. सगली पापलेटं रस्त्यात. मी तशीच धावली, बाय. मागं वलून पन नाय बघितला."

त्यानंतर तिने पाटी उचललीच नव्हती. जनार्दनलाही हे सांगितलं नव्हतं. आधीच त्याच्या जिवाला घोर, त्यात आणखी कशाला भर, म्हणून.

आता कारण कळलं म्हणजे खोड गेली, असं मला भाबडेपणाने वाटलं होतं. झालं उलटंच. आता तिला हात दिसू लागला. गतिरोधक लांबून दिसला की ती दोन्ही हातांनी चाक आवळायची, मान ताठ, ओठ पांढरे, आणि गाडी लाकडाच्या ओंडक्यासारखी त्यावर आदळायची. हात धरून ठेवला तर डोळे मिटले जायचे. डोळे उघडे ठेवले तर हात निसटायचा. न कळता होणारी गोष्ट कळून थांबवायला गेलं की माणूस चालणंसुद्धा विसरतो. मी काळजीत पडले. पुनव जवळ येत होती, जासईचा दीर टेम्पोचे टायर बघून गेला होता.

एका सकाळी ती जनार्दनला घेऊनच आली. "यांना सांगितला मी सगला," ती म्हणाली. "बोलले, मना गारीत बसव."

शिडशिडीत माणूस, स्वच्छ पांढरा शर्ट, बटणं नीट लावलेली. मागच्या सीटवर बरोबर तिच्या मागे बसला. इंजिन सुरू झालं तशी मान तिरपी करून ऐकू लागला. गिअर पडला की ओठ हलायचे. माझ्या लक्षात आलं, गाडी तिघं चालवतोय.

पहिला गतिरोधक आला. सुगंधाचे खांदे वर चढले. तेवढ्यात मागून एक हात पुढे आला, चाचपत तिच्या खांद्यावर थांबला, तिथून वर गेला आणि तिच्या डोक्यावर अलगद ठेवला गेला.

"पाटी मी धरलीय," जनार्दन म्हणाला. "तू चाक धर."

धप्. पुढची चाकं गेली. धप्. मागची गेली. दोन्ही हात चाकावर होते. सुगंधा रडत होती आणि गाडी अगदी सरळ चालली होती. माझा पाय ब्रेकवर होता, पण तो दाबायची वेळच आली नाही.

"तो फोन मीच केलेला," जनार्दन मागून म्हणाला. मला म्हणाला की तिला, ते कळलं नाही. "माझ्यामुलं सुटला हात."

"गप बसा वो," सुगंधा म्हणाली. "म्होरं ट्रक हाय."

मग तो रोज येऊ लागला. गव्हाणच्या बाजूने जायचो, उलव्याला वळसा घालायचो, कंटेनरच्या गोदामांवरून परत. प्रत्येक गचक्याला त्याचा हात तिच्या डोक्यावर. त्याला खड्डे आधी कळायचे, टायरच्या आवाजावरून. मी पावसाळी सकाळी डावीकडच्या सीटवर नुसती बसून असायचे. काच धूसर, वायपर डुलतोय, बाहेर डोंगर की ढग हे कळू नये, आणि त्या दोघांचं मागे-पुढे चाललेलं हलक्या आवाजातलं बोलणं. मला माझ्या घरातला असाच एक आवाज आठवायचा, आणि वाटायचं, हा रस्ता संपूच नये.

पण परीक्षेत मागे नवऱ्याला बसू देत नाहीत. माझी जागाही साहेब घेतात. हे तिघांनाही माहीत होतं.

पुनवेच्या आधल्या आठवड्यात परीक्षा लागली. साहेब तेच, पहिल्या वेळचे. ते गाडीत बसले, हातातला पेन टिकटिकवला. सुगंधाने आरसा नीट केला. मी आणि जनार्दन मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली बाकावर बसलो.

"सांगा," तो म्हणाला.

"निघाली. आता आठच्या आकड्यात शिरली. छान काढतेय. एक वळण झालं. आता दुसरं. बाहेर पडली. मागे घेतेय, चांगली घेतली. आता सरळ आहे, आता..."

"आता बोलू नका, बाय."

तो ऐकत होता. ओल्या मैदानावरून गाडी त्या गतिरोधकाकडे चालली होती, आणि माझा उजवा पाय शेडखालच्या चिखलात रुतत होता. जनार्दनचा हात मांडीवरून उठला. बसलेल्या बाईच्या डोक्याइतका वर आला आणि तिथे हवेत, तळवा खाली करून, थांबला.

धप्.

हात हलला नाही. धप्.

मी गाडीकडे पाहिलं. काचेपलीकडे दोन हात दिसले. दोन्ही चाकावर, सैल, एखादं मूल मांडीवर धरावं तसे. गाडी पुढे गेली, पांढऱ्या रेघेवर थांबली. साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. जनार्दनचा हात अजून तसाच वर होता.

पास झाली का, असं तो विचारेल असं मला वाटलं होतं.

"पडली नाय ना?" त्याने विचारलं.

"नाही पडली, जनार्दनभाऊ," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्याने हात खाली घेतला.